ठाण्याचे पुस्तकघर

फराळाचे ताट पुढ्यात असताना ग्रंथालयाची कथा कोणाला रुचणार? पण वाचकहो, माझा नाइलाज आहे. मी मॅट्रिक झालो आणि घरच्या ओढग्रस्तीपायी कॉलेजचे दार मला बंद झाले. पुढे जे काही शिकलो ते ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात.

त्याची स्थापना १ जून १८९३ ची. विनायक लक्ष्मण भावे तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे. विष्णु भास्कर पटवर्धन त्यांचे जोडीदार. वाचनालये त्याआधी नव्हती असे नाही. पुण्यात १८४८ पासून होते. पण अशा संस्थांची नावेसुद्धा ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशी, आणि पहिला मान इंग्रजी ग्रंथांचा! मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतूनही मराठी हद्दपार झालेली. त्या दिवसांत या तरुणांनी हट्ट धरला, की आपण फक्त मराठी पुस्तके जमवायची. तीही निवडून-पाखडून नव्हे. मराठीत छापलेले ते सारे.

मला हा ‘सारे’ शब्द फार मोठा वाटतो. १८६७ च्या कायद्याने पुस्तकाची प्रत सरकारजमा होत असे खरी, पण दफ्तरात गेलेली प्रत वाचकाला काय उपयोगाची? चांगल्या पुस्तकाला कोणीही जपतो. पाकशास्त्र, पंचांग, फसलेले नाटक यांना कोण विचारतो? पण आपले आजे-पणजे काय खात होते, कशाला हसत होते, हे त्यांतच सापडते.

पुढे १८९८ त मुंबईतही मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. भाव्यांनी जुन्या कवींचा शोध घेऊन ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ त प्रसिद्ध झाली. तिच्यात १८०० पासूनची पुस्तके नोंदली आहेत. ग्रंथालयांनी ही पुस्तके सांभाळलीच नसती तर दात्यांनी नोंदायचे तरी काय?

माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा एक प्रत घेऊन मी तिथे गेलो. टीकाकारांनी तिची दखल घेतली नव्हती, घरात गठ्ठे तसेच पडून होते. टेबलामागच्या गृहस्थांनी नाव, पाने, किंमत वहीत टिपली आणि शिक्का मारला. मी घाईने पुस्तक मिटू लागलो तसे ते म्हणाले,

“थांबा मास्तर, शाई वाळू द्या.”