पुसावयाचा राहिलेला एक



ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एखाद्या कारखान्यात घडविलेला यंत्राचा सुटा भाग समुद्रापार जावयाचा असला, म्हणजे त्याची वाट बहुधा उरण तालुक्यातील न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरावरून जाते. सन २०१७ च्या जून महिन्याच्या अखेरीस या बंदरातील एका टर्मिनलचे काम एकाएकी थांबले. वादळ नव्हते, संपही नव्हता. डेन्मार्कच्या मर्स्क उद्योगसमूहाकडून चालविल्या जाणाऱ्या आणि वर्षाला सुमारे १८ लक्ष कंटेनर हाताळण्याची क्षमता असलेल्या त्या टर्मिनलचे संगणक निकामी झाले होते. या संकटाला वाट करून देणाऱ्या कारणांपैकी एक होती गणितातील एक क्षुल्लक चूक. आणि तिच्यावरील उपाय साडेतीन महिने आधीच तयार होता. तो इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

प्रत्येक संगणकात सर्व कारभार पाहणारा एक मुख्य कारभारी असतो. त्यास कर्नल, म्हणजे गाभा, असे म्हणतात. संगणकाची स्मृती ही जणू खणाखणांची वखार. कोणता खण कोणाला द्यावयाचा हे हा कारभारी ठरवितो. विंडोज प्रणालीत संगणकांनी परस्परांस फायली देण्याघेण्याचे काम करणारा एक भाग या गाभ्यातच बसविलेला होता. बाहेरून आलेल्या एका यादीची लांबी मोजून तेवढी जागा राखावयाची व यादी तीत उतरवावयाची, हे त्याचे एक काम.

आता चूक पाहा. पाटीवर १०,००० हा आकडा आहे असे समजा. फेरमोजणीत खरी लांबी ९,९८७ भरली. विद्यार्थ्याने उजवीकडचे चार अंक पुसून तेथे ९९८७ लिहिले. डावीकडचा एक मात्र पुसावयाचा राहिला. पाटीवर झाले १९,९८७! विंडोजमध्ये हुबेहूब असेच घडत होते. आकड्याचा अर्धा भागच बदलला जाई व वरचा अर्धा जुनाच राही. जागा राखली जाई खऱ्या लांबीच्या हिशेबाने, आणि मजकूर ओतला जाई चुकीच्या लांबीच्या हिशेबाने. उरलेला मजकूर शेजारच्या खणांत सांडे. तो काय असावा हे पाठविणाऱ्याच्या हाती असल्यामुळे, कसबी चोर परवलीच्या शब्दावाचून थेट कारभाऱ्याच्या गादीवर जाऊन बसू शके.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने या दोषावरील दुरुस्ती प्रसिद्ध केली. बरोबर एका महिन्याने, १४ एप्रिलला, ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने या दोषाचा फायदा घेणारे हत्यारच जगापुढे उघडे केले. हे हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीस गेलेले होते, असे मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी पुढे जाहीरपणे म्हटले आणि सरकारांनी असे दोष लपवून साठविण्याच्या प्रथेस दोष दिला. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ची साथ सुटली. सुमारे १५० देशांतील दोन लक्षांहून अधिक संगणक तिने ग्रासले आणि ब्रिटनमधील इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी संस्थेने सावधगिरीच्या सूचना काढल्या. २०१४ सालीच सेवानिवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने लगोलग दुरुस्ती खुली केली.

इतका बोभाटा होऊनही २७ जूनला दुसरी साथ आली. तिचे नाव ‘नॉटपेट्या’. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून ती शिरली. तिच्यापाशी दोन किल्ल्या होत्या. एक हाच दोष. दुसरी, शिरकाव झालेल्या संगणकाच्या स्मृतीतून चोरलेले परवलीचे शब्द. त्यामुळे जाळ्यातील एक दार उघडे सापडले की दुरुस्ती केलेले शेजारीही बुडत. न्हावा-शेव्यास कागद-पेन्सिल घेऊन हाताने काम करण्याची पाळी आली. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांच्या घरात गेले. कंपनीच्या जाळ्याची मूळ नोंदवही जगभर पुसली गेली होती. तिची एक प्रत वाचली ती आफ्रिकेतील घानामध्ये, आणि तीही त्या वेळी तेथे वीज गेली होती म्हणून! आपण विजेच्या लपंडावास नेहमी शिव्या देतो. येथे त्यानेच लाज राखली.

दुरुस्ती हाती असता लोकांनी ती का लावली नाही? त्यांस आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नव्हे. लहान कारखानदाराचे कातकाम करणारे यंत्र वीस वर्षे टिकते, आणि त्यास जोडलेला संगणक यंत्राबरोबरच म्हातारा होतो. दुरुस्ती लावताना यंत्र अडले, तर त्या दिवसाचे काम बुडते. न लावल्यास आज तरी काही बिघडत नाही. धोका उद्याचा असतो आणि खोटी आजची असते. येथेच माणूस फसतो.

यावर मूळचा इलाजही चालू आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितले की, त्यांना दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या अशाच हाताळणीतून निघतात. म्हणून असे दोष मुळातच टाळणाऱ्या ‘रस्ट’ या भाषेस लिनक्सच्या गाभ्यात डिसेंबर २०२२ पासून प्रवेश मिळाला. परंतु जुने सर्व लेखन बदलण्यास पुष्कळ वर्षे लागतील. तोवर यंत्राच्या तेलपाण्यास जसा वार ठरलेला असतो, तसा दुरुस्तीसही असावा. जे यंत्र दुरुस्त होणे शक्य नाही, ते जाळ्यातून वेगळे काढावे. आणि हिशेबाची एक प्रत कोठल्याही तारेस न जोडता कुलपात ठेवावी. घानामध्ये जे दैवाने घडले, ते आपण नेमाने करावे.

वह्या तपासण्यात माझा जन्म गेला. चूक कोणाची होत नाही? पण तांबड्या शाईने दाखविलेली चूक पुढच्या वहीत पुन्हा तशीच आढळली, म्हणजे ती गणिताची राहत नाही. ती सवयीची होते. न्हावा-शेव्याची वाट अडली त्या दिवशी जगाची वही तीन महिन्यांपूर्वीच तपासून झालेली होती.