दर्शनांतील प्राणी आणि वधलेले कोकरू

उपासनावर्षाच्या अखेरच्या आठवड्यांत पवित्र मिस्सामध्ये दानीएल अथवा प्रकटीकरण या ग्रंथांतील पाठ वाचले जातात. शिंगे असलेली श्वापदे आणि डोळ्यांनी भरलेले प्राणी यांची वर्णने ऐकून काही भाविक भयभीत होतात, तर काही जण त्यांत जगाच्या अंताची तारीख शोधू लागतात. वस्तुतः ही दर्शने म्हणजे भविष्याचे पंचांग नव्हे. हद्दपारी व छळ सोसणाऱ्या श्रद्धावंतांना आपला देव कसा आहे, हे ती सांगतात.

यहेज्केल : परक्या देशातील देव

इ.स.पूर्व ५९३ च्या सुमारास यहेज्केल संदेष्टा बाबेल देशात खबार नदीच्या तीरी बंदिवासात होता. त्याने चार जिवंत प्राणी पाहिले. प्रत्येकाला मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड अशी चार मुखे होती. त्यांच्याजवळ चाके होती व वर देवाचे सिंहासन होते. यरुशलेमेचे मंदिर दूर राहिले म्हणून देवही दूर राहिला, असे बंदिवानांना वाटत होते. चाकांनी त्याचे उत्तर दिले : देव आपल्या लोकांमागे परमुलखातही येतो. गाव सोडून कल्याण-डोंबिवलीत बिऱ्हाड थाटलेल्या कुटुंबांना हे सांत्वन वेगळे समजावून देण्याची गरज नाही.

पुढे ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी ही मुखे शुभवर्तमानकारांची चिन्हे मानली. संत जेरोम यांनी केलेली मांडणी रूढ झाली : मत्तय मनुष्य, मार्क सिंह, लूक बैल आणि योहान गरुड.

दानीएल : श्वापदे आणि मानवपुत्र

दानीएलच्या सातव्या अध्यायात समुद्रातून चार श्वापदे वर येतात. ती एकामागून एक आलेल्या साम्राज्यांची चिन्हे होत. त्यानंतर राज्य दिले जाते ते मानवपुत्रासारख्या दिसणाऱ्या एकाला. माणसांना चिरडणारी सत्ता पशुवत होते. देवाचे राज्य मात्र मानवी चेहऱ्याचे असते.

प्रकटीकरण : सिंह की कोकरू?

प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायात चार प्राणी अहोरात्र देवाची त्रिवार पवित्र अशी स्तुती करतात. प्रत्येक मिस्सामध्ये आपणही तीच स्तुती गातो. पाचव्या अध्यायात योहानाला यहूदाचा सिंह विजयी झाल्याचे सांगण्यात येते. परंतु तो पाहतो तेव्हा वधल्यासारखे दिसणारे कोकरू उभे असते. त्याला सात शिंगे व सात डोळे आहेत. शिंग हे सामर्थ्याचे, तर सात ही परिपूर्णतेची खूण. देवाचे परिपूर्ण सामर्थ्य स्वतःला अर्पण करणाऱ्या प्रीतीत आहे, हा सर्व दर्शनांचा कळस होय.

ठाण्याची साक्ष

ठाण्यात तलावपाळीजवळील चर्च संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचे आहे. येशू हा देवाचे कोकरू आहे, असे बोट दाखवून सांगणारे ते हेच. याच ठाण्यात १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रिउस या चौघा फ्रान्सिस्कन बंधूंनी श्रद्धेसाठी प्राण दिले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. आपल्या भाषेत अशांना ‘रक्तसाक्षी’ म्हणतात, आणि प्रकटीकरणानुसार कोकराचे अनुयायी विजयी होतात ते अशा साक्षीनेच.

म्हणून हे पाठ पुन्हा कानी पडतील तेव्हा आपण श्वापदांची शिंगे मोजत बसू नये. सिंहासनाकडे पाहावे. तेथे कोकरू आहे.