दोन यमुना, दोन काळ

बेलापूरला आमच्याकडे पुस्तके न्यायला येणाऱ्या एका महाविद्यालयीन मुलीने हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ परत करताना जरा रागानेच विचारले, “फादर, ही यमू घर सोडून निघून का जात नाही?” आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. तिच्या हाती बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ ठेवले. योगायोग असा, की तिथल्या नायिकेचे नावही यमुनाच.

‘यमुनापर्यटन’ 1857 साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे. तिची नायिका मिशनच्या शिक्षणातून घडलेली आहे, आणि ती केवळ कल्पनेची करणी नव्हे. आमच्याच जिल्ह्यात, अहमदनगरला, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार 1839 पासून मुलींना शिकवीत होत्या. यमुना पतीबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते. पुण्यापर्यंत आगगाडी आली ती 1858 मध्ये. मुक्काम करीत जाण्याच्या त्या काळात प्रत्येक मुक्काम एक कहाणी देऊ शकत होता. कथानकाची घडण अशी वाटेनेच ठरविली आहे.

पुढे यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. असा शेवट त्या दशकातच सुचावा. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क 1850 च्या कायद्याने राखला होता. हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला 1856 च्या कायद्याने मान्यता दिली होती. मात्र पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क त्याच कायद्याने जात असे. शिवाय कायदा झाला म्हणून समाज हलला नाही. मुंबईत 1869 साली विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने पुनर्विवाह झाला, तेव्हाही सुधारकांवर ग्रामण्य आले. पदमनजींनी नायिकेसाठी चर्चचे दार उघडले यात त्यांचा प्रचाराचा हेतू होता, हे आम्ही धर्मगुरूंनी तरी लपवू नये. पण त्या वेळी उघडी दारे मोजकीच होती, हेही तितकेच खरे.

आपट्यांची यमू 1890 पासून ‘करमणूक’ पत्रातून वाचकांसमोर आली. एव्हाना पुनर्विवाहाचा कायदा चौतीस वर्षांचा झाला होता. पंडिता रमाबाईंचे शारदासदन 1889 साली सुरू झाले होते. यमूचा पती सुशिक्षित, समंजस. तरीही तो गेल्यावर सासरी बळजबरीने तिचे केशवपन होते. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करणाऱ्या 1891 च्या कायद्यावर पुण्यात केवढे वादळ उठले, हे आठवले म्हणजे या शेवटाचे नवल वाटत नाही. माणसांची मने पुढे गेली होती. घरे मागेच राहिली होती. म्हणून पहिली यमुना वाटेवर भेटते, दुसरी माजघरात. घराबाहेर पडणे या यमूला जमले नाही. पण आपली हकीकत ती स्वतः सांगते. आपट्यांनी तिला दिलेले दार तेवढेच.

मुलीने दोन्ही पुस्तके वाचली आणि म्हणाली, “फादर, आमच्या पणजीने तर पाट लावला होता.”

तिने वर्मावर बोट ठेवले. आमच्या प्रवराकाठच्या शेतकरी व दलित समाजांत विधवेच्या पाटाची चाल जुनीच. केशवपनाचा प्रश्न प्रामुख्याने ब्राह्मण व तत्सम घरांतला होता. आमच्या लोकांच्या पणज्यांपुढे 1876 चा दुष्काळ होता, भाकरीचा प्रश्न होता, जातीची शिवण होती. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग झाला. पुढे पाटाचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाना आला. या उलथापालथीतून गेलेल्या बाईचे मन वरील दोन्ही कादंबऱ्यांत सापडणार नाही. दोष लेखकांचा नाही. त्यांनी आपला काळ आणि आपले घर लिहिले.

आपले घर मात्र आपणच लिहिले पाहिजे. त्या मुलीला आम्ही एक कोरी वही दिली आणि सांगितले, “बाळ, आजीला पणजीबद्दल विचार. पण ती का निघून गेली नाही, हे आधी विचारू नकोस. तिच्यापुढे कोणती दारे होती, ते विचार.”