वाटसरूची बंदूक

पाठीवर आठ दिवसांचा शिधा बांधून जो कधीं डोंगर चढला आहे, त्यास ओझ्याची किंमत निराळी सांगावयास नको. हत्यारांच्या इतिहासांत लढायांचें वर्णन पुष्कळ असतें. परंतु ससे व खारी मारून वाटेंत पोट भरणाऱ्या पादचाऱ्याच्या बंदुकीचा विचार क्वचितच आढळतो. तो आम्ही येथें थोडक्यांत करणार आहों.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जर्मन कारागीर अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया प्रांतांत येऊन वसले. त्यांची ‘येगर’ रायफल आंखूड नळीची व मोठ्या तोंडाची होती. स्वदेशांतील राखीव रानांत, जेथें शिकारी सायंकाळीं घरीं परते, तेथें ती सोयीची होती. परंतु अॅलेघेनी पर्वतापलीकडे महिनेच्या महिने हिंडणाऱ्यास शिसें व दारू हीं दोन्ही बरोबर वागवावीं लागत. म्हणून नळी लांबत गेली आणि तोंड लहान होत गेलें. यांतील गणित सोपें आहे. गोळीचें वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. एक पौंड शिशांत ०.६० इंच व्यासाच्या गोळ्या सुमारें २१ होतात, ०.४५ इंचाच्या सुमारें ५१, तर ०.३६ इंचाच्या जवळजवळ १००. बंदूक स्वतः हलकी झाली असें नव्हे. तिचा खुराक मात्र हलका झाला.

ह्या सोयीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १७६९ सालीं डॅनिएल बून हरणांच्या कातड्यांसाठीं केंटकींत शिरला. त्याच डिसेंबरांत शॉनी लोकांनीं त्यास व त्याचा सोबती जॉन स्टुअर्ट यास पकडून जमविलेलीं कातडीं काढून घेतलीं. मात्र सोडतांना वाटेंत पोट भरण्यापुरती एक लहान बंदूक व थोडा दारूगोळा दिला आणि पुन्हां न येण्याची ताकीद दिली, असें बूनचे चरित्रकार सांगतात. आमच्या मतें सगळा विवेक ह्या एका कृतींत आहे. वाटसरूची भूक त्यांनीं मान्य केली. व्यापाऱ्याचा लोभ मान्य केला नाहीं. बूननें ती ताकीद पाळली नाहीं. १७७५ सालीं त्यानेंच तेथवर वाट पाडली, वसाहतवाले तिच्यावरून लोटले, आणि तें शिकारीचें रान शॉनींच्या हातून गेलें.

पुढें १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्यें फ्लोबेरनें अगदीं लहान काडतूस काढलें, आणि १८८७ सालीं अमेरिकेंत ‘.२२ लाँग रायफल’ हें काडतूस निघालें. त्याची ४० ग्रेनची गोळी पौंडांत १७५ बसते. शिवाय ती सशाचें मांस छिन्नभिन्न करीत नाहीं. ह्याच काडतुसासाठीं १९५९ सालीं आर्मालाइट कंपनीनें ‘एआर-७’ रायफल काढली. तिचे सर्व भाग तिच्याच पोकळ दस्त्यांत मावतात, आणि वजन तीन पौंडांच्या आसपास आहे. येगरचा प्रवास येथवर येतो.

आमच्या देशांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील १९९१ ची दुरुस्ती यांनीं हा हौसेचा प्रश्न मिटविला आहे. सह्याद्रींत हिंडणाऱ्यानें पिठलें-भाकरीच बांधून न्यावी, हें योग्यच झालें. परंतु जेथें अशी शिकार कायद्यानें मोकळी आहे, तेथील पादचाऱ्यानें बंदूक निवडतांना वजनाबरोबर शॉनींनीं दिलेलें मापही लक्षांत ठेवावें. तें माप वाटेपुरत्या भुकेचें होतें.