चमच्याच्या पाठीवरचा इतिहास

‘मीना’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मीनाकाम म्हटले की आपल्याला जयपूर आठवते. पण हीच कला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोत चांदीच्या चमच्यांवर बहरली होती. पीळ दिलेली बारीक तार चांदीवर झाळून फुलापानांचे कप्पे करायचे, त्यांत रंगीत काचेची पूड भरायची आणि चमचा भट्टीत भाजायचा. ओव्हचिन्निकोव्ह, ख्लेब्निकोव्ह या पेढ्यांची त्या कामासाठी ख्याती होती.

जुन्या वस्तूंचा जाणता संग्राहक मात्र असा चमचा हाती आला की आधी तो उलटा करून पाहतो. पाठीवर ‘८४’ हा आकडा असतो. म्हणजे ९६ भागांत ८४ भाग शुद्ध चांदी. १८९९पासून शिक्क्यात एक स्त्रीही दिसू लागली, डोक्यावर ‘कोकोश्निक’ हे रशियन शिरोभूषण घातलेली. १९०८पर्यंत तिचे तोंड डावीकडे, पुढे उजवीकडे.

१९१७ साली क्रांती झाली. १९२७मध्ये त्या स्त्रीच्या जागी हातोडेवाला कामगार आला आणि ‘८४’च्या जागी ‘८७५’. हिशेब करून पाहा. हजारांत ८७५ म्हणजे ९६मध्ये ८४च! राजवट बदलली, मोजमाप बदलले, चांदीचा कस तोच राहिला.

आणखी एक गोष्ट बदलली नाही. शिक्क्यात सहसा पेढीची खूण मिळते. भट्टीपुढे बसून रंग भरणाऱ्याचे नाव मिळत नाही. कामगाराचा चेहरा चांदीवर उमटला, त्याचे नाव तेवढे राहून गेले.