परिशिष्टांतील शोध

आपल्या रेडिओंत मधूनच जी खरखर होते, तिला आपण उपद्रव समजतों. परंतु तिच्यांतला सूक्ष्म अंश आकाशगंगेंतून येतो, हें कार्ल जान्स्की या अमेरिकन अभियंत्यानें १९३३ सालीं जाहीर केलें आणि रेडिओ-खगोलशास्त्राचा पाया घातला गेला. या शास्त्राच्या इतिहासांतील एका विद्यार्थिनीची हकीकत आज सांगावयाची आहे.

जॉसेलिन बेल या केंब्रिज येथें अँटनी ह्यूइश यांच्या हाताखालीं संशोधन करीत होत्या. साडेचार एकरांत खांब रोवून व तारा ताणून तेथें एक रेडिओ-दुर्बीण उभारली गेली. त्या कामीं बेलबाईंनीं स्वतः घण चालविला होता. १९६७ च्या जुलैंत निरीक्षण सुरू झालें. रोज सुमारें शंभर फूट कागदावर रेघा उमटत व त्या तपासण्याचें काम एकट्या बेलबाईंकडे असे. ऑगस्टमध्यें त्यांना एक बारीकशी अनोळखी खूण दिसली. ती सोडून दिली असती, तरी कोणीं दोष दिला नसता. त्यांनीं मात्र जुने कागद पुन्हां उलगडले. खूण ताऱ्यांप्रमाणेंच रोज चार मिनिटें लवकर येत होती! नोव्हेंबरांत कागद वेगानें फिरवितांच १.३३ सेकंदांच्या अंतरानें ठोके उमटले. हे परग्रहवासीयांचे संदेश तर नव्हेत, अशीहि शंका निघाली. डिसेंबरांत आकाशाच्या निराळ्याच भागांत तसाच दुसरा स्रोत बेलबाईंना सांपडला आणि ती शंका मावळली. वेगानें फिरणारे, दीपगृहासारखा झोत फेंकणारे हे अतिघन स्पंदक तारे होत.

१९६८ च्या फेब्रुवारींत ‘नेचर’मध्यें निबंध आला. त्यावर पांच नांवें होतीं. पहिलें ह्यूइश यांचें, दुसरें बेलबाईंचें. त्यांच्या प्रबंधाचा विषय वेगळा असल्यामुळें त्यांत हा शोध परिशिष्टांत गेला. १९७४ चें नोबेल पारितोषिक ह्यूइश व मार्टिन राइल यांना मिळालें. पुष्कळ वाद माजला. मात्र अखेरची जबाबदारी मार्गदर्शकाचीच असते, असें १९७७ सालीं खुद्द बेलबाईंनींच म्हटलें. २०१८ सालीं लाभलेलें तीस लाख डॉलरांचें पारितोषिकहि त्यांनीं, पदार्थविज्ञानाचें दार ज्यांना सहसा उघडत नाहीं अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठीं देऊन टाकलें.

जबाबदारी कोणाची, हा एक प्रश्न. प्रथम पाहिलें कोणीं, हा दुसरा. पारितोषिक देणारांना पहिला पुरला असेल. इतिहासानें दुसराहि विचारला पाहिजे.