ठिपका कुठे आणि आपण कुठे?

खांडबाऱ्याला आम्ही मुलांबरोबर एक साधा प्रयोग केला. मोबाइल फोन शाळेच्या ओट्यावर ठेवला, त्यावरचा नकाशा उघडला आणि आपली जागा दाखवणाऱ्या निळ्या ठिपक्याकडे पाहत बसलो. फोन जागचा हलला नाही, पण ठिपका हलत राहिला. कधी ओट्याच्या या टोकाला, कधी मैदानात, तर एकदा चक्क कुंपणाबाहेर! मग तोच फोन घेऊन आम्ही मोटारीतून विसरवाडीच्या रस्त्याला लागलो. आता मात्र ठिपका शहाण्या मुलासारखा रस्त्याच्या मधोमध चालला होता. ना डावीकडे, ना उजवीकडे.

उभे असताना भटकणारा ठिपका धावताना इतका अचूक कसा झाला? मुलांनी विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला दोनशे वर्षे मागे जावे लागले. तो प्रवास इथे सांगतो आहोत.

साखळी, त्रिकोण आणि एक चुकलेले रेखांश

आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत, हे भारतात पद्धतशीरपणे मोजायला सुरुवात झाली ती १८०२ साली, मद्रासजवळ. विल्यम लॅम्बटन याने तिथे जमिनीवर एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचत तो पुढे सरकला. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू काढता येतात, हे आपण नववी-दहावीच्या वर्गात शिकवतोच. एवढ्याच भूमितीच्या जोरावर देशभर त्रिकोणांचे जाळे पसरले. मोजता मोजताच १८२३ साली लॅम्बटनचा मृत्यू झाला, तो वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला. त्याची कबर आजही तिथे आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हे काम नेटाने चालवले.

या मोजणीत दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, देशातील सगळी रेखांशे मद्रास वेधशाळेच्या रेखांशावरून ठरवली गेली आणि ते मूळ रेखांशच सुमारे अडीच मिनिटांनी चुकलेले होते. तारायंत्राने दूरच्या ठिकाणांची घड्याळे ताडून पाहता येऊ लागली, तेव्हा ही चूक नीट कळली. अडीच मिनिटे म्हणजे खांडबाऱ्याच्या अक्षांशावर चार किलोमीटरहून जास्त अंतर! गंमत अशी, की एवढी चूक असूनही नकाशे उपयोगाचे होते. खांडबारा, नवापूर, नंदुरबार ही सगळीच ठिकाणे सारखीच सरकलेली होती. त्यांच्यातील आपसातले अंतर बरोबर होते, मग चालणाऱ्याचे काय बिघडणार?

दुसरी गोष्ट पृथ्वीच्या आकाराची. १८३० साली एव्हरेस्टने पृथ्वीच्या चपट्या गोलाची मापे ठरवली. आज उपग्रहांसाठी जो गोल धरतात त्याची विषुववृत्तावरील त्रिज्या एव्हरेस्टच्या गोलापेक्षा सुमारे ८५० मीटरने जास्त आहे, आणि दोन्ही गोलांचे मध्यही एका जागी नाहीत. त्यामुळे जुन्या सर्वेक्षण नकाशावर वाचलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे उपग्रहाच्या यंत्रात घातले, तर आपल्या भागात साधारण शंभर मीटरचा फरक पडतो. यंत्र बरोबर, नकाशाही बरोबर; फक्त दोघांच्या फूटपट्ट्यांचे शून्य वेगळे! २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने सर्वांसाठी खुले केलेले नकाशे नव्या गोलावर आणले आहेत.

आकाशातली घड्याळे

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक आकाशात गेला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोघे त्याची 'बीप बीप' ऐकत होते. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरती ऐकू येते, हे खांडबाऱ्याच्या स्टेशनवर उभ्या असलेल्या कोणालाही माहीत आहे. स्पुटनिकच्या संदेशातील अशाच चढउतारावरून त्यांनी त्याची कक्षा काढली. मग प्रश्न उलटा विचारला गेला. जमिनीवरची जागा माहीत असताना उपग्रह सापडतो, तर उपग्रहाची जागा माहीत असताना जमिनीवरचा माणूस का सापडू नये? यातून 'ट्रान्झिट' ही आरमाराची यंत्रणा आली, आणि १९७३ साली जीपीएसची आखणी सुरू झाली. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सुटला.

जीपीएसचे तत्त्व सोपे आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो, 'मी अमुक जागी आहे आणि आता इतके वाजले आहेत.' हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. या विलंबावरून अंतर निघते. आपल्याला अक्षांश, रेखांश आणि उंची या तीन गोष्टी हव्या असतात. मग तीन उपग्रह पुरे व्हायला हवेत. पण फोनमधले घड्याळ स्वस्तातले. त्याची चूक ही चौथी अज्ञात संख्या. चार अज्ञात संख्यांना चार समीकरणे लागतात, म्हणून चार उपग्रह.

आता चूक किती महाग पडते पाहा. प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातो. उपग्रहातील घड्याळे वेगामुळे रोज सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. हिशेब केला तर रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे. आइन्स्टाइनचे हे गणित आधीच धरले नसते, तर अंतराच्या हिशेबात दिवसाला सुमारे ११ किलोमीटरची चूक साचली असती!

उरलेल्या चुका वातावरणाच्या. आकाशातील विद्युतभारित थर, म्हणजे आयनांबर, संदेशाला उशीर लावतो. हा थर चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना दाट असतो, आणि त्यातला उत्तरेचा पट्टा भारतावरूनच जातो. दुपारनंतर त्याचा त्रास वाढतो. शिवाय भिंतीवर, पत्र्यावर आपटून येणारा संदेश लांबच्या वाटेने येतो आणि फोन फसतो. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो, भिंतीलगत त्याहून जास्त. ओट्यावरचा आमचा ठिपका भटकत होता तो यामुळे.

एकेकाळी ही चूक मुद्दाम घातलेली होती. शत्रूला अचूक जागा कळू नये म्हणून अमेरिका सर्वसामान्यांच्या संदेशात गडबड करत असे. तेव्हा चूक शंभर मीटरपर्यंत जाई. ही गडबड मे २००० मध्ये बंद झाली आणि एका रात्रीत जगभरच्या यंत्रांची अचूकता कितीतरी पटींनी वाढली.

मात्र दुसऱ्याच्या घड्याळावर किती विसंबायचे, हा प्रश्न उरलाच. म्हणून इस्रोने २०१३ ते २०१६ या काळात आपले सात उपग्रह सोडले आणि या यंत्रणेला 'नाविक' हे नाव मिळाले. तिथेही अडचण आली ती घड्याळांचीच. पहिल्या उपग्रहातील आयात केलेली तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. २०२३ साली सुटलेल्या नव्या पिढीच्या पहिल्या उपग्रहात भारतात बनवलेले रुबिडियम घड्याळ बसवलेले आहे.

रस्त्याला चिकटलेली मोटार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मोटारीतला ठिपका सरळ का चालतो?

मोटारीला वाट दाखवणारी यंत्रे जीपीएसच्या आधीची आहेत. १९८१ साली जपानमध्ये होंडा कंपनीने एक यंत्र विकायला काढले. गाडी किती चालली आणि किती वळली याचा हिशेब ते ठेवी आणि पारदर्शक नकाशावर जागा दाखवी. सुरुवातीची जागा चालकानेच लावायची. अशा हिशेबात दर वळणाला थोडी चूक साचते आणि काही वेळाने गाडी नकाशावरच्या शेतात शिरते. १९८५ साली कॅलिफोर्नियातील 'एटॅक' यंत्राने यावर युक्ती काढली. त्याने असे मानले, की मोटार ही रस्त्यावरच असणार. म्हणून हिशेबातून आलेली जागा नकाशावरच्या सर्वांत जुळणाऱ्या रस्त्यावर ओढून आणायची. नकाशे कॅसेटवर होते आणि एका कॅसेटवर थोडाच प्रदेश मावे. उपग्रहावर चालणारे यंत्र मोटारीत बसले ते १९९० साली, पुन्हा जपानमध्येच.

ती युक्ती आजही चालू आहे. म्हणजे विसरवाडीच्या रस्त्यावर आमचा ठिपका अचूक झालेला नव्हता. तो रस्त्यावर ओढलेला होता! चूक तेवढीच होती, ती दिसत मात्र नव्हती.

आणि धोका इथेच आहे. एकमेकांवरून किंवा शेजारून जाणारे दोन रस्ते असले, की यंत्राला निवड करावी लागते आणि ते चुकीच्या रस्त्याला चिकटू शकते. उंची मोजण्यात तर ते अधिकच कच्चे, कारण सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. त्याहून मोठी अडचण नकाशाची. रस्ता नकाशावर आहे म्हणजे तो आज चालू आहे, असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी फोनवरच्या नकाशाच्या आधाराने जाणारी एक मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली. दोघे जण पोहून बाहेर आले, चालकाचा बुडून मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एका महिलेची मोटार पुलावर जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने थेट खाडीत गेली. सागरी पोलिसांनी तिला वाचवले. दोन्ही वेळा आकाशातल्या घड्याळांची काही चूक नव्हती. पुढे पाणी आहे, हे नकाशाला ठाऊक नव्हते.

आपल्या गावचा नकाशा

आमच्या भागात ही गोष्ट रोजची आहे. पावसाळ्यात नाल्यांवरच्या फरश्या पाण्याखाली जातात. नकाशावर त्या बारा महिने कोरड्याच असतात. वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली, पण नकाशावर गावाचा एकच ठिपका. रुग्णवाहिकेला बोलावले तर ती त्या ठिपक्याशी येऊन थांबते आणि रोगी दोन किलोमीटर दूरच्या पाड्यावर असतो. रोमन लिपीत 'खांड' आणि 'खंड' सारखेच लिहितात, त्यामुळे यंत्र आमच्या गावाला खुशाल 'खंडबारा' म्हणते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या नकाशांत आम्ही धुळे जिल्ह्यातच आहोत. आणि नवापूरच्या स्टेशनातून तर १९६० पासून महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते. तिथे अर्धे बाक या राज्यात, अर्धे त्या राज्यात आहे. पाच मीटरची चूक करणाऱ्या यंत्राला त्या बाकावर बसलेला माणूस कोणत्या राज्यात आहे, हे कसे सांगता येणार?

तुमच्या वर्गात करून पाहण्याजोग्या दोन गोष्टी. एक, शाळेतली एक जागा खडूने नक्की करा आणि दिवसभर दर तासाला तिथले अक्षांश-रेखांश लिहा. अंशाचा एक लाखावा भाग अक्षांशात सुमारे १.१ मीटर होतो. रेखांशात आपल्याकडे थोडा कमी. सर्व नोंदी आलेखावर मांडा, सरासरी काढा. ठिपका किती भटकतो ते मुलांना स्वतःच मोजता येईल. दोन, गावातले पाडे, फरश्या, पावसात बंद पडणारे रस्ते यांची यादी मुलांकडून करून घ्या आणि ती फोनच्या नकाशाशी ताडून पाहा. जे नकाशात नाही ते कागदावर काढा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत, एक आरोग्य केंद्रात द्या.

लॅम्बटनला त्रिकोण मोजायला टेकडीवर चढावे लागले. आज आकाशातले घड्याळ आपली जागा पाच मीटरपर्यंत सांगते. पण पुढची फरशी आज उघडी आहे की नाही, हे अजूनही तिथल्या माणसालाच विचारावे लागते.